सात अक्षरांचा आठशे मीटरचा ढीग

उद्यमबागेतल्या बहुतेक मशीन शॉपमध्ये कामाच्या टेबलाच्या खणात एक छोटी डबी सापडते. आत पोलादी ठसे असतात. कारागीर त्यांना 'लेटर पंच' म्हणतात. डबीत नग 27: ए ते झेड ही 26 अक्षरे आणि सत्ताविसावे 'अँड'चे चिन्ह. आकड्यांची डबी वेगळी, आणि तिच्यात दहा आकड्यांसाठी नऊच ठसे. सहाचा ठसा उलटा धरला की नऊ उमटतो, मग दहाव्याचे पैसे कोण देणार? प्रत्येक ठशाच्या तोंडावर अक्षर आरशात दिसावे तसे उलटे कोरलेले असते. हातोडीचा एक नेमका घाव बसला की जॉबवर ते सुलटे उमटते. कास्टिंगचा हीट नंबर, पार्ट नंबर, गिऱ्हाइकाची खूण, सगळे या डबीतून निघते. बेळगावच्या खानापूर रोडवर, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या परिसरातल्या या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आणि मशीन शॉप दाटीवाटीने उभी आहेत. तेव्हा रोज किती अक्षरे लोखंडात ठोकली जात असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

माझा प्रश्न वेगळा आहे. 'अँड'चे चिन्ह बाजूला ठेवले, तर उरलेल्या 26 ठशांतून किती वेगवेगळ्या अक्षरमाळा ठोकता येतील? एकच अक्षर ठोकायचे तर 26. दोन अक्षरे, 676. तीन अक्षरे, 17,576. इथपर्यंत एखाद्या वहीत मावेल. चार अक्षरांना आकडा 4,56,976 वर जातो आणि पाचाला 1,18,81,376 वर. पाच अक्षरे म्हणजे फोनवर रोज सकाळी खेळल्या जाणाऱ्या 'वर्डल'ची लांबी. सहा अक्षरांना 30,89,15,776. सात अक्षरांना 803 कोटी 18 लाख 10 हजार 176.

हा शेवटचा आकडा जरा ओळखीचा वाटेल. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर 2022 मध्ये 800 कोटींवर गेली, असे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले होते. म्हणजे त्या दिवशी पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, कालच जन्मलेल्या बाळासकट, सात अक्षरांची स्वतंत्र माळ वाटली असती तरी तीनेक कोटी माळा शिल्लक राहिल्या असत्या. हे सगळे एका डबीतून.

आता समजा कुणी हट्टाने सगळ्या माळा ठोकायला बसला. सेकंदाला एक माळ, जेवणाची सुट्टी नाही, रात्रपाळी धरून, रविवारीही चालू. पाच अक्षरांच्या माळा साडेचार महिन्यांत उरकतील. सहा अक्षरांना जवळपास दहा वर्षे. सात अक्षरांना 254 वर्षे. म्हणजे आज काम संपवायचे, तर सुरुवात थोरले माधवराव पेशवे गादीवर असताना करायला हवी होती. आणि आठ अक्षरे म्हणाल तर 6,600 वर्षांहून जास्त. एक अक्षर वाढले की काम 26 पट होते. माणसाच्या अंदाजाला ही वाढ कधीच झेपत नाही. आपल्याला वाटते सातावर एक, म्हणजे थोडेसेच जास्त.

वेळेचा हिशेब नको असेल तर कागदाचा घ्या. एका पानावर 500 माळा छापल्या, पाठपोट, आणि कागद नेहमीचा, एक दशांश मिलिमीटर जाडीचा. सात अक्षरी माळांना 80 लाख ताव लागतील आणि ते एकावर एक रचले तर ढीग 803 मीटर उंच होईल. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हा ढीग उभा केला तर त्याचे टोक बेळगावच्या उंचीला मागे टाकेल.

या ढिगात खरे इंग्रजी शब्द किती? स्क्रॅबलच्या स्पर्धांसाठी बहुतेक देशांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत सात अक्षरी शब्द सुमारे 34 हजार आहेत. ते सगळे त्याच पद्धतीने छापले तर 34 ताव होतात, म्हणजे साडेतीन मिलिमीटरही जाडी नाही. आठशे मीटरच्या ढिगात शाळेच्या चोपडीएवढा ऐवज. बाकी सगळा कचरा, क्यूझेडएक्सव्हीजेकेडब्ल्यू छापाचा. सव्वादोन लाखांहून अधिक माळा चाळाव्यात तेव्हा एक शब्द हाती लागतो. आठ अक्षरांना प्रमाण आणखी बिघडते: सुमारे 42 हजार शब्द, आणि जवळपास 50 लाखांमागे एक.

शब्दखेळांचे सगळे गणित या दुष्काळावर उभे आहे, असे मला वाटते. प्रत्येक माळ शब्द असती तर खेळच उरला नसता. कशाही सोंगट्या लावा, शब्द तयार. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे जाता जाता, पण नेमके मांडले आहे. भाषेत अनावश्यकता अजिबात नसेल, म्हणजे कुठलेही अक्षर कशाहीनंतर चालत असेल, तर अक्षरांची कोणतीही मांडणी आपोआप शब्दकोडे ठरेल. अनावश्यकता फार असेल तर अटीच इतक्या होतील की मोठे कोडे रचताच येणार नाही. इंग्रजीत ती सुमारे निम्मी आहे असे त्याने काढले होते, आणि मोठी शब्दकोडी जेमतेम शक्य होतात ती याच टप्प्यावर. ती एक तृतीयांशावर असती तर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना वाचता येणारी कोडी रचता आली असती. दूरध्वनीच्या तारांचा विचार करणारा माणूस मध्येच शब्दकोड्यांबद्दल असे काही सांगून पुढे जातो, हे मला त्या निबंधातले सर्वांत मजेशीर ठिकाण वाटते.

आता ढीग सोडून मुठीतल्या अक्षरांकडे येऊ. खेळणाऱ्याला 803 कोटींशी कर्तव्य नसते. त्याच्यासमोर सात सोंगट्या असतात आणि त्यांतून काय निघते एवढेच त्याला पाहायचे असते. आपल्या गावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग घ्या: बी, ई, एल, जी, ए, यू, एम. सात अक्षरे, सातही वेगळी. त्यांच्या मांडण्या 5,040. सातही अक्षरे वापरणारा ओळखीचा शब्द त्यांत निघत नाही. पण एक अक्षर सोडायची तयारी असेल तर 'गॅम्बल' निघतो आणि 'बेलुगा' हा पांढरा देवमासाही. दोन अक्षरे सोडली तर रांगच लागते: अल्बम, ब्लेम, ग्लीम, अँबल, गेबल, बेगल, ब्यूगल, बल्ज. आणि बेगमसुद्धा, कारण बेगम हा शब्द इंग्रजी कोशात कधीचाच जाऊन बसला आहे.

याउलट ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरे घ्या. मांडण्या तितक्याच, 5,040. पण सातही अक्षरे वापरणारे किमान नऊ शब्द त्यांत आहेत. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर हे आपल्याला कळणारे, बाकीचे स्क्रॅबलवाल्यांचे. डबी तीच, संख्या तीच, पीक मात्र जमिनीप्रमाणे. मुरलेले खेळाडू म्हणून अशी सुपीक अक्षरे हातात राखून ठेवतात आणि व्ही, सी, यू यांना पहिल्या संधीला पटावर ढकलतात.

1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचे सरकारी स्पेलिंग बदलले. बोलताना आम्ही बेळगावच म्हणतो आणि नावाच्या वादाचा इथे विषय नाही. इथे फक्त अक्षरांचा जमाखर्च: यू आणि एम गेले, आणखी एक ए, एक व्ही आणि एक आय आले. सातांची आठ झाली. आठ अक्षरी माळांचे विश्व 20,882 कोटींचे, त्यामुळे कागदाचा ढीगही 803 मीटरवरून जवळपास 21 किलोमीटरवर गेला, एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच. ए दोनदा आल्यामुळे मांडण्या मात्र 40,320 ऐवजी 20,160. शब्दांच्या बाजूने पाहिले तर बेगम गेली, अल्बम गेला, गॅम्बल गेला. आले कोण? अलाइव्ह, अजाइल, गॅव्हेल, अल्गी, व्हायेबल. सौदा वाईट नाही.

उद्यमबागेचे स्पेलिंगही आठ अक्षरांचे, आणि त्यातही ए दोनदा, त्यामुळे मांडण्या पुन्हा 20,160. पण या नावात ई नाही. इंग्रजीत सर्वाधिक येणारे अक्षरच नसल्यामुळे आठ अक्षरांतून फारसे काही उगवत नाही. डम्ब निघतो, डॉबी निघतो, आणि भडक या अर्थाचा गॉडी.

हे शोधायचे कसे? एकेक मांडणी लिहून कोशात पाहणे हा वेडेपणा. एक जुनी गणिती युक्ती मात्र शाळेतल्या मुलालाही करता येते आणि मला ती फार आवडते. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची: ए म्हणजे 2, बी म्हणजे 3, सी 5, डी 7, ई 11, असे करत झेडला 101. मग शब्दातल्या सगळ्या अक्षरांचा गुणाकार करायचा. जुन्या स्पेलिंगचा गुणाकार येतो 12,42,51,402. बेगमचा येतो 16,79,073. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा. बरोबर 74 वेळा भाग जातो, बाकी शून्य. बाकी शून्य आली, म्हणजे बेगम त्या नावात आहे. आणि 74 म्हणजे 37 गुणिले 2, म्हणजे एल आणि ए: बेगम काढून घेतल्यावर मागे राहिलेली नेमकी दोन अक्षरे. कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून इथे फसवणूक होऊच शकत नाही. उद्यमबागेचा गुणाकार 41,45,78,388, गॉडीचा 16,85,278, भागाकार 246. त्यात एम, बी आणि ए: 41, 3 आणि 2. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर पडताळून पाहा.

संगणकाला याहूनही सोपी रीत चालते. प्रत्येक शब्द म्हणजे 26 बटणांची पाटी, ज्या अक्षराचे बटण चालू ते अक्षर शब्दात आहे. अशा पाट्या 6,71,08,864 प्रकारच्या होऊ शकतात. 'क्यू, झेड आणि के असलेले शब्द दाखव' म्हटले की यंत्र कॉलिन्सच्या यादीतले सुमारे 2,80,000 शब्द एकापाठोपाठ एक या पाटीशी ताडून पाहते. त्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. आपली पापणी लवायला याच्या शंभर पट वेळ लागतो.

माणसाचे डोके इथे का अडते, याचे कारण साधे आहे. आपल्या डोक्यातले शब्द कोशासारखेच पहिल्या अक्षरावर लावलेले असतात. 'बी'ने सुरू होणारे शब्द सांगा म्हटले की तोंड बंद होत नाही. पण खानापूर रोडवर सिग्नलला थांबल्यावर पुढच्या कोल्हापूरच्या गाडीची पाटी पाहून, एम आणि एच ही अक्षरे लागोपाठ असलेला इंग्रजी शब्द सांगायचा प्रयत्न करा. आर्महोल, फार्महाउस, ड्रमहेड हे शब्द आपल्याला माहीत असतात, पण त्यांच्याकडे जायला त्या बाजूने वाटच नसते. पाट्यांचा हा खेळ मुलांबरोबर प्रवासात झकास जमतो. केए-22 च्या गाड्यांवर पुढे दोन अक्षरांची मालिका येते. आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून टाळतात. उरलेल्या 24 अक्षरांच्या जोड्या 576, आणि प्रत्येक जोडीवर 9,999 गाड्या, म्हणजे 57,59,424 पाट्या. खेळ संपण्याआधी प्रवास संपतो.

संगणक येण्यापूर्वी कोशकारांनाही हीच अडचण होती. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशमंडळाने विसाव्या शतकात तीन लाखांहून अधिक कार्डांवर शब्द उलटे टंकून, शेवटच्या अक्षराच्या क्रमाने कपाटात लावून ठेवले होते. एकाच शेपटीचे शब्द एकत्र पाहायचे तर दुसरा मार्ग नव्हता. आता तेच काम फोनवर करताना आपण जांभईही पुरी करत नाही.

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर सोंगट्या असतात. आल्फ्रेड बट्स या बेरोजगार झालेल्या वास्तुरचनाकाराने 1930 च्या दशकात वृत्तपत्रांतली अक्षरे मोजून त्यांचे वाटप ठरवले: ई बारा, क्यू आणि झेड प्रत्येकी एक, आणि एस मुद्दाम चारच, नाहीतर जो तो अनेकवचने करत सुटेल. या शंभरांतून सात उचलण्याचे प्रकार 1,600 कोटी. सारख्या सोंगट्या सारख्या धरल्या तर वेगवेगळे हात 31,99,724. हे हात ओळखून शब्द काढणारी माणसे आहेत. 2007 ची जागतिक स्क्रॅबल स्पर्धा मुंबईत झाली आणि ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने जिंकली. त्याच माणसाने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, फ्रेंच बोलता येत नसताना. नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच यादी पाठ केली होती. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही जिंकला. त्याच्या लेखी शब्द म्हणजे अर्थ नसलेली, पण मान्य असलेली माळ. भाषेवर प्रेम करणाऱ्यांना हे खटकते. मला नाही खटकत. ढिगातले ते साडेतीन मिलिमीटर डोळे मिटून ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे.

वर्डलची कथा याच्या उलट, तिथे अर्थ कामाला आला. जोश वॉर्डलने खेळ रचला तेव्हा पाच अक्षरी मान्य शब्द 13 हजारांच्या घरात होते, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त कुणी कधी ऐकलेले नव्हते. त्याची जोडीदार पलक शाह हिने ती यादी चाळून ओळखीचे शब्द निवडले. उत्तरांची यादी उरली 2,315 ची. 1 नोव्हेंबर 2021 ला हा खेळ 90 जण खेळत होते, दोन महिन्यांनी 3 लाख, आणि जानेवारी 2022 च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. 1 कोटी 18 लाख माळांतून त्या दिवसाची एक माळ सहा प्रयत्नांत शोधायची, हे ऐकायला अशक्य वाटते. पण प्रत्येक प्रयत्नाला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, करड्या चौकोनांचे 238 नमुने संभवतात आणि प्रत्येक नमुना यादी कचाकच कापत जातो. संगणकाने सर्वोत्तम खेळ केला तर त्या मूळ यादीवर सरासरी 3.42 प्रयत्न पुरतात. नुसत्या हो-नाहीच्या प्रश्नांनीसुद्धा 803 कोटींतून एक माळ काढायला 33 प्रश्न बास होतात, कारण दोनाचा तेहेतिसावा घात 858 कोटींचा आहे. वाढ जितकी भयंकर, कापणीही तितकीच भयंकर.

मराठीत हाच खेळ मांडायचा म्हटले तर डबीच फुटते. क ते ज्ञ ही 36 व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे 432, त्यांत 12 स्वर मिळवून 444 घरे. जोडाक्षरे अजून मोजलीच नाहीत. इतक्यावरच तीन अक्षरी माळा 8 कोटी 75 लाख होतात, म्हणजे इंग्रजीच्या पाच अक्षरांच्या सातपट. पाच अक्षरांना आकडा 17 लाख 25 हजार कोटी. म्हणून मराठी शब्दकोड्यात आडव्या-उभ्या शब्दांची गाठ इंग्रजीइतकी दाट बसत नाही आणि काळी घरे जास्त लागतात. रविवारच्या अंकात अशी कोडी रचणाऱ्यांचे कौतुक आपण फारच कमी करतो.

निपाणीकर वाचकांना वाटेल की सगळे बेळगावचेच झाले. तर घ्या: एन, आय, पी, ए, एन, आय. सहा अक्षरे, दोन जोड्या सारख्या, म्हणून मांडण्या 180 च. गुणाकार 10,36,80,826. त्याला 1,04,834 ने भागा, उत्तर 989 येईल, बाकी शून्य. 1,04,834 हा दुखणे या अर्थाच्या 'पेन'चा गुणाकार आहे आणि 'निपा' या ताडाच्या जातीच्या झाडाचाही, कारण दोन्हींची अक्षरे तीच. निपा हा शब्द इंग्रजी कोशात आहे आणि गावाच्या नावाची पहिली चार अक्षरे तीच आहेत. एनला 43 द्या, आयला 23, पीला 53. बाकीचे शब्द तुम्ही काढा.